पुन्हा कामाला लागलेला रंधा

मित्रांनो, लाकूड तासून गुळगुळीत करतो तो रंधा म्हणजे मी. आता बराच जुना झालोय. करमाडच्या फारूखभाई सुतारांच्या वडिलांनी मला बाभळीच्या लाकडातून घडवलं आणि पोटात पोलादी पातं बसवलं. कितीतरी घरांची दारं माझ्या हाताखालून गेली. पुढे विजेचं मशीन आलं आणि मी फळीवर धूळ खात पडलो.

यंदा गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका द्वारकाबाईंनी वीस बाक बनवायला सांगितले. फारूखभाई परदेशी लाकूड मागवणार होते. कॉलेजात शिकणारी त्यांची लेक गजाला म्हणाली, ते लाकूड बारमाही पावसाच्या घनदाट जंगलांतून येतं. तिथं एकेका झाडावर पक्षी, माकडं, बेडूक यांची अख्खी वस्ती असते. झाड पडलं की वस्तीही उठते. शाळेच्या पाडलेल्या इमारतीची सागवानी दारं शाळेमागं पडून होती. त्यांचेच बाक करू, असं तिनं सुचवलं. पोरांच्या वजनानं मोडू नयेत, एवढीच द्वारकाबाईंची अट होती.

पण तिसऱ्याच फळीत दडलेल्या खिळ्यानं मशीनचं पातं तुटलं. शाळा उघडायला पंधरा दिवस उरले होते.

फारूखभाई घाम पुसत म्हणाले, "बस झालं. मशीनला नवं पातं बसवतो आणि नवं लाकूडच मागवतो."

गजालानं मला खाली काढलं. "अब्बा, एक फळी हातानं करून बघा. मी खिळे हुडकून देते."

त्यांनी माझ्या पात्याला धार लावली आणि मला फळीवर रेटलं. रंगाचे चार थर निघाले आणि खाली सोनेरी सागवान हसलं! सगळीकडे त्याचा वास पसरला. फारूखभाई कितीतरी वेळ फळीवरून हात फिरवत राहिले.

"बेटी, हे तर लई भारी हाय," ते म्हणाले.

गजाला चिमट्यानं खिळे उपटायची, मी मागून धावायचो. माझं पातं अनेकदा बोथटलं, तितक्यांदा घासलं गेलं. चौदाव्या दिवशी वीस बाक शाळेत पोचले. द्वारकाबाई प्रत्येकावर बसून आल्या. एकही कुरकुरला नाही. आता पाचोडहूनही लोक जुनी दारं घेऊन येतात आणि मला जरा उसंत नाही!

मित्रांनो, घरातलं जुनं लाकूड टाकण्याआधी एकदा घासून बघा. माझ्यापर्यंत येणारं झाड आधीच पडलेलं असतं. म्हणून त्या दूरच्या जंगलातल्या झाडांची आणि माझी भेट कधीच होऊ नये, एवढंच मागणं.