बिस्किटांच्या डब्यातले ब्रेकर

ब्रायरफोर्डचे लोक अकरा वर्षं ऑर्व्हल ट्वाइटच्या नावाने बोटं मोडत होते, आणि ऑर्व्हलला त्याचा अभिमान होता. तो गावाचा वीज तपासनीस. देशाचा नियम तसा मवाळ. घरातलं विजेचं जुनं पॅनेल, म्हणजे ब्रेकरची पेटी, बदलताना वायरी सहा फुटांहून जास्त लांबवल्या नाहीत, तर आर्क फॉल्ट ब्रेकरची सक्ती नाही. हे ब्रेकर भिंतीतल्या वायरीत ठिणगी उडू लागली की आग लागायच्या आत वीज तोडतात. ऑर्व्हलच्या डोळ्यांत ती सहा फुटांची सवलत खुपत होती. नगरसभेत चार बैठका भांडून त्याने ती गावापुरती रद्द करून घेतली. तेव्हापासून ब्रायरफोर्डमध्ये पॅनेल बदललं की खोल्याखोल्यांचे ब्रेकर ठिणगीवालेच बसवायचे, वायर इंचभर वाढो की न वाढो. हा ब्रेकर साध्याच्या सहापट महाग. लोक गयावया करायचे. ऑर्व्हल सगळ्यांना एकच वाक्य ऐकवायचा, "वायरीला तुमचं नाव माहीत नसतं."

गेल्या हिवाळ्याच्या तोंडी तो निवृत्त झाला तेव्हा गावाने त्याला पितळी पाटी दिली. 'एक्केचाळीस घरं सुरक्षित', खाली त्याचं नाव. बैठकीच्या भिंतीवर त्याने पकडलेल्या माशांची गर्दी होती, म्हणून पाटी गेली बायकोच्या शिवणाच्या खोलीत. आर्डेल नको नको म्हणत होती. त्याने चांगला तीन इंची खिळा घेऊन स्वतःच्या हाताने ती ठोकली.

या वसंतात विमा कंपनीचं पत्र आलं. तुमचं पॅनेल साठ वर्षांचं आहे. शुक्रवारपर्यंत नवं पॅनेल आणि तपासणीचा दाखला द्या, नाहीतर घराचा विमा बंद. ऑर्व्हलने ड्वेन स्कॉग्मोला बोलावलं. गावातली निम्मी पॅनेलं ड्वेननेच बसवलेली. ड्वेनने पॅनेल आणलं, पण ठिणगीवाले ब्रेकर दुकानात नव्हते. यायला सहा आठवडे.

बुधवारी सकाळी ऑर्व्हल टोपी हातात धरून नगरपालिकेत गेला. त्याच्या खुर्चीवर आता कायलीन बसत होती. तिला त्यानेच शिकवलं होतं.

"साधे ब्रेकर लावून घेतो," तो म्हणाला. "दीड महिन्याने बदलीन. वायर तर मी एक इंचही वाढवत नाहीये."

"ऑर्व्हल, ही सवलत आपल्या गावात नाही. कुणी काढली, सांगू?"

"अगं, पण माझं घर आहे ते!"

"वायरीला तुमचं नाव माहीत नसतं," कायलीन म्हणाली. मग तिने कागदात डोकं घातलं. "ड्वेनला विचारून बघा. तो काढेल काहीतरी वाट."

ऑर्व्हल चडफडत घरी आला. पोरगी बोलली ते बरोबर होतं, आणि तेच जास्त झोंबत होतं.

ड्वेन गुरुवारी उजाडताच आला. काखेत पत्र्याचा डबा. त्यावर लाल घोडे आणि ख्रिसमसची झाडं.

"रागावू नकोस," ड्वेन म्हणाला, आणि त्याने तळघरातल्या टेबलावर डबा उघडला. आत बारा आर्क फॉल्ट ब्रेकर. दांड्या घासून गुळगुळीत झालेल्या.

"कुठून आणलेस?"

"हे गावाचे आहेत."

झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेला होता. नाव, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख. ऑर्व्हलने चष्मा लावला. तारखा त्याला पाठ होत्या. प्रत्येक तारखेला तो त्या त्या घरी गेला होता, पॅनेल बघितलं होतं, सही केली होती, कॉफी प्यायला होता. परतीची तारीख दर वेळी दुसऱ्या दिवसाची. पास्टरचं घर. बँकेच्या मॅनेजरचं घर. सगळ्यात वर मार्लिस, आर्डेलची सख्खी बहीण. एकूण नावं एक्केचाळीस.

त्याने अकरा वर्षं हेच बारा ब्रेकर तपासले होते.

"आर्डेल!" तो जिन्याखालून ओरडला. "हा आपला बिस्किटांचा डबा ना? हरवला म्हणाली होतीस!"

"हरवला म्हटलं नव्हतं," वरून आवाज आला. "मार्लिसकडे आहे म्हटलं होतं. तू ऐकतोस कधी?"

ऑर्व्हल जिन्याच्या पायरीवर बसला. त्याला रडू येईल असं वाटलं आणि त्याची लाजही वाटली. ड्वेन नखं बघत राहिला.

"बसव," शेवटी ऑर्व्हल म्हणाला. विमा उद्या संपत होता.

दुपारी कायलीन आली. तिने पॅनेल पाहिलं, बारा ब्रेकर मोजले, सही केली आणि कॉफी प्यायली. कुणी कुणाच्या डोळ्यांत बघितलं नाही.

शुक्रवारी सकाळी आर्डेलने शिवणाच्या खोलीतला दिवा लावला आणि त्या खोलीचा ब्रेकर पडला, वीज गेली. उचलला. पुन्हा पडला.

"म्हणूनच लोक काढून टाकतात," आर्डेल म्हणाली. "हे तुझं लाडकं यंत्र उगाच पडतं. ड्वेनला सांग, आजच साधे लाव."

ऑर्व्हलने दिवा काढला, शिवणयंत्राची वायर काढली. तरी पडलाच. मग खोलीत उरलं काय? त्याची नजर भिंतीवर गेली. त्याने पाटी उतरवली, खाली जाऊन मुख्य स्विच बंद केला आणि पकडीने खिळा उपसला. खिळ्याचं टोक काळंठिक्कर पडलं होतं. भोकातून जळक्या लाकडाचा वास आला. भिंतीआडच्या वायरीत तो खिळा हिवाळाभर रुतून बसला होता, आणि आर्डेल रोज दुपारी त्याखाली बसून गोधड्या शिवत होती.

आर्डेलने खिळा हातात घेतला. मग स्वयंपाकघरात गेली आणि तिने लिंबाच्या वड्या भाजायला ठेवल्या.

दुपारी ड्वेन साधे ब्रेकर घेऊन आला. ऑर्व्हलने दारातच त्याच्या हातात डबा दिला. डबा गरम होता.

ड्वेनने झाकण उघडलं. आत वड्या. झाकणाच्या कागदावर बेचाळिसावं नाव ऑर्व्हलचं, आणि परतीच्या रकान्यात आडवी रेघ.

"अरे, ब्रेकर कुठायत?"

"जिथे असायला हवेत तिथे. माझे नवे येतील ते मार्लिसकडे बसवीन, आणि ते तिथेच राहतील. मग पुढचं नाव."

"वेडा झालास का? गावाचे आहेत ते! चोर म्हणतील तुला!"

"म्हणू देत."

"आणि मी सोमवारी काय करू? पुढचा नंबर लागलाय."

"कुणाचा?"

ड्वेन वडी चघळत राहिला. "कायलीनचा," तो म्हणाला. "तिनेही पॅनेल बदललंय."

ऑर्व्हलने खिशातून तो खिळा काढला, रुमालाने पुसला आणि डब्यात वड्यांवर ठेवला.

"मग डबा तिलाच दे," तो म्हणाला. "आणि वायरीला तिचं नावसुद्धा माहीत नाही म्हणावं."