दुपट्यातल्या दहा चकत्या

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो, बाळांना तोलणारा. माझी खोड आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तक्रार नको. गप्पा मारताना मी मापाला चार शेर जास्तच घालतो. वजन करताना मात्र गुंजभरही इकडचा तिकडे होत नाही.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. ज्या मिस्त्रीने मला घडवलं, त्याने माझी परीक्षा कशी घेतली असेल? पारड्यात एक उसासा टाकला. दांडी हलली, तेव्हा म्हणाला, "जमला." खोटं वाटत असेल तर त्या मिस्त्रीला विचारा. तो आता नाही, हे माझ्या पथ्यावरच पडलं आहे.

तिथून मी बाळांच्या दवाखान्यात आलो. हिरव्या भिंती, लाकडी बाक, खिडकीजवळचं टेबल आणि टेबलावर मी. पत्र्याचं खोलगट पारडं, वर दांडी, दांडीवर सरकणारा लोखंडी गोटा. माझ्या मालकीण म्हणजे तिथल्या सिस्टर. त्यांचा आवाज असा की रडणारी बाळं गप्प व्हायची आणि गप्प बसलेले बाप ताठ व्हायचे. त्या सगळ्यांना सांगायच्या, "हा काटा नाही, पंच आहे. याने सांगितलं की मिटलं." अशा वेळी मला गळ्यात पंचाची शिट्टी अडकवल्यासारखं वाटायचं. एका बाळाने तर अशी शिंक दिली की माझा गोटा दांडीच्या टोकाला जाऊन बसला. ते बाळ आज शाळेत बाई म्हणून शिकवतं.

सिस्टरचा एक नियम होता. पत्रा गार लागतो, म्हणून बाळ घरच्या दुपट्यात गुंडाळून आणायचं. हातभर लांब, हातभर रुंद. त्याचे शंभर ग्रॅम त्या तोंडीच वजा करायच्या. दुपटं वेगळं तोलायची पद्धत नव्हती. सगळी गंमत इथेच झाली.

एक पडदे शिवणारी बाई होती. तिची मुलगी जन्मली तेव्हा जेमतेम दोन किलो शंभर. पंधरा दिवस आधीच आलेली, हात थरथरणारी. दूध प्यायला घेतली की चार घोट घेऊन झोपायची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "महिन्याभरात वजन चढलं नाही, तर दोघींनाही इथे ठेवून घेईन आणि मुळापासून सगळं विचारीन."

त्या 'मुळापासून'ला पडदेवाली घाबरली होती.

महिन्याने ती आली. सोबत सासूबाई. बाकावर बसल्या बसल्या सासूबाईंनी सांगायला सुरुवात केली, "आमच्या घरात सगळेच बारीक हाडाचे. हिचा नवरा तर लहानपणी वाऱ्यावर उडायचा, मी पदराला बांधून ठेवायची." मला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. आमचा पंथ एकच.

बाळ पारड्यात ठेवलं आणि आवाज आला. टिंग.

दांडी तीन किलो शंभरवर थांबली. पण मला, मित्रांनो, लगेच कळलं. बाळाचं वजन मऊ असतं, हलतं, श्वास घेतं. इथे कडेकडेने काहीतरी मेल्यासारखं पडून होतं. ओरडावंसं वाटलं, पण मला फक्त दांडी आहे.

"शंभर वजा, तीन किलो," सिस्टर म्हणाल्या. मग लिहिता लिहिता थांबल्या. "हे टिंग कसलं गं? पोरीला खुळखुळा गिळवलास का?"

"पैंजण असतील," पडदेवाली म्हणाली.

"पायात तर काही नाही."

सिस्टरनी बाळ उचलून सासूबाईंच्या हातात दिलं आणि दुपटं एकटंच माझ्यावर टाकलं. चारशे ग्रॅम. त्यांनी दुपट्याची कड बोटांत धरून चाचपली. पडदा सरळ पडावा म्हणून खालच्या शिवणीत लोखंडी चकत्या घालतात ना, तशा दहा चकत्या चारही बाजूंनी टिपून बसवल्या होत्या. शिवण मात्र अशी की टाका दिसेना.

"काम छान करतेस," सिस्टर म्हणाल्या. "आता सांग."

पडदेवालीने दुपटं उचलून छातीशी धरलं. मग म्हणाली, "दिवस गेले तेव्हा पोटात पाणी ठरत नव्हतं. मशीनवर बसले की उलटी. दुकानातल्या एकीने गांजाची पुडी दिली. म्हणाली, झाडपाल्याचंच आहे, दोन झुरक्यांत बरं वाटेल. बरं वाटायचं. मग रोजचंच झालं. अजून झोप नाही आली की ओढते. आता पोरीला घेऊन जाल का तुम्ही?"

रिकाम्या पारड्यावर इतकं जड बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई आतून आल्या होत्या. त्या स्टूल ओढून बसल्या. "पोरगी तुझीच आहे, तुझ्याजवळच राहील. आणि एकट्या गांजानेच ती लहान राहिली, असं मी शपथेवर सांगणार नाही. पण गरोदरपणात तो घेतला तर बाळं बारीक जन्मतात, लवकर येतात, हे पुष्कळदा दिसलंय. पुढे बोलण्यावर, लक्ष लागण्यावरही परिणाम होऊ शकतो. होईलच असं नाही. दुधातूनही त्याचा अंश जातो आणि बाळ सुस्त पडू शकतं. ओढणं आजपासून बंद. दूध बंद करू नकोस. झोपेसाठी काय करायचं ते मी सांगते. तू हे बोललीस, आता मला कुठे बघायचं ते कळलं."

सगळे सासूबाईंकडे बघू लागले. त्यांनी बाळाला खांद्यावर घेतलं. "मला सांगायचं होतंस की. मी बसले असते पाठ चोळत. अन् त्या दुकानातलीला मी बघते."

"बघू नका, आधी सुनेला झोपू द्या," सिस्टर म्हणाल्या. "पोरीला दर तीन तासांनी उठवून पाजायचं, ते तुमचं काम."

सगळ्यात आधी सासूबाईच हसल्या.

पुढच्या आठवड्यात पोर उघडीच माझ्यावर आली. दोन किलो नऊशे. त्यापुढच्या आठवड्यात तीन शंभर. सहा आठवड्यांची झाली आणि सिस्टरच्या चष्म्याकडे बघून हसली. पुढे मान धरली, पुढे माझा गोटा मुठीत धरून सोडेचना. त्या दिवसापासून दवाखान्यात दुपटं आधी तोलतात. त्या दहा चकत्या सिस्टरनी सुतळीत ओवून माझ्या बाजूच्या आकड्याला टांगल्या.

मग बॅटरीवर चालणारा नवा काटा आला. तो आकडे लाल दिव्यांत दाखवतो आणि गप्पा मारत नाही. मी कोपऱ्यात गेलो, माझ्या पारड्यात फुलझाडाची कुंडी आली. मी मनातल्या मनात तिलाच तोलत बसलो. पाणी घातलं की अडीचशे ग्रॅम चढायची.

दोन वर्षांनी ती पोर तपासणीला आली. पळत होती, ठोकळ्यांवर ठोकळे रचत होती. बोलत मात्र फारसं नव्हती, चारपाच शब्द आणि बाकी बोटाने. पडदेवाली बाकावर अंगठ्याचं नख खात बसली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडी मागे आहे. शिकवू आपण." तेवढ्यात पोरीने कुंडी पारड्यातून ढकलून बाजूला केली, माझ्या आकड्यावरची सुतळी ओढली आणि एक चकती सोडवून पारड्यात टाकली. टिंग. तिने वळून आईकडे पाहिलं.

"अजून," ती म्हणाली.

हा शब्द कुणी शिकवला नव्हता. आईने दुसरी चकती दिली. "अजून." तिसरी. पोरीने दहाच्या दहा टाकून घेतल्या, आणि मी कुंडीच्या पाण्याने गंजलेली दांडी सरळ तीनशेवर नेऊन दाखवली. पडदेवाली तोंडावर पदर धरून हसत होती, आणि डोळे पुसत होती.

मित्रांनो, कुणी जुना काटा दिसला तर त्याला तेलाचा एक थेंब द्या. आणि तुमच्या घरात बाळ येणार असलेली आई, ताई, मावशी उलट्यांनी हैराण झाली, तर कुणी पुडी सुचवायच्या आत तिला दवाखान्यात न्या. तिने काही लपवून ठेवलं असेल, तर आधी पाठ चोळा, मग विचारा. कडेला शिवलेलं ओझं मला नुसतं कळतं. उसवायला मात्र माणसाची बोटं लागतात.