वकील नावाचा घोडा

तिनं दोन्ही टाचा घोड्याच्या बरगड्यांना लावल्या. घोडा हलला नाही. मैदानाच्या मधोमध चारी पाय रोवून तो उभा होता आणि कुंपणापलीकडून जाणाऱ्या एका सायकलीकडे मोठ्या आस्थेनं बघत होता.

"चाबूक घे," कुंपणालगतच्या खुर्चीतून तिचे वडील म्हणाले.

"चाबूक बघितला की खाली बसतो तो. परवा बसला नव्हता का?"

"बसू दे. बसला की उठवायचा, उठला की पुन्हा द्यायचा."

वडील नावाजलेले चाबुकस्वार. कोणालाही पाठीवर बसू न देणारे घोडे त्यांच्याकडे यायचे आणि मेंढरासारखे होऊन परत जायचे. मग एका घोडीनं त्यांना भिंतीला रगडलं, खुबा मोडला. तेव्हापासून ते खुर्चीत बसून घोडे शिकवत. घोड्यावर बसायची ती. घोडा शिकला की येणारे-जाणारे नाव मात्र वडिलांचंच घेत, आणि तीही त्यात काही वावगं मानत नसे.

या घोड्याचं नाव वकील. ते नालबंदानं ठेवलं होतं. खोगीर घाला, याची हरकत. लगाम लावा, हरकत. पाणी ठेवा, तर बादलीलाच हरकत. गोंजारलं की डोळे मिटून उभ्या उभ्या झोपायचा. उद्या सकाळी त्याला बघायला गिऱ्हाईक येणार होतं, आणि अजून मैदानाची एक फेरी त्यानं धड पुरी केली नव्हती.

पण तिचं डोकं घोड्यानं फिरवलं नव्हतं. सकाळी ती वकिलाचा पाय मांडीवर धरून बसली होती आणि नालबंद ओठांत खिळे धरून नाल ठोकत होता. तसाच, खिळ्यांच्या फटीतून तो म्हणाला,

"मग आता तबेला तुझ्या धाकट्या भावाच्या नावावर. चांगलं झालं. तू काय करायचं ठरवलंस?"

तिनं पाय सोडला नाही. नालबंदानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुढचा खिळा गरजेपेक्षा जास्त जोरात ठोकला. तेव्हापासून त्या गोष्टीबद्दल तिनं तोंड उघडलं नव्हतं.

"चल की रे मुडद्या," आता ती दातओठ खात म्हणाली.

वकिलाचा एक कान मागे वळला.

"ऐकू येतं ना? मग चल. आयतं खायला बरं जमतं."

दुसरा कानही वळला. वकिलानं पाऊल उचललं. मग दुसरं. तिला आश्चर्य वाटलं, पण आश्चर्य करत बसायला बोलणं थांबवावं लागलं असतं, म्हणून ती बोलत राहिली. त्याच्या आळसाला बोलली, त्याच्या खोडींना बोलली, ज्या मुहूर्तावर तो या तबेल्यात आला त्या मुहूर्तालाही बोलली. वकील ऐटीत दुडक्या चालीनं निघाला. पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत घोड्याचे दोष संपले आणि तिच्या तोंडून सकाळपासून साठलेलं यायला लागलं.

वळण घेऊन ती वडिलांच्या खुर्चीजवळ आली, तसा तिचा आवाज आपोआप खाली गेला. वकील तिथंच थांबला.

तिनं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा पलीकडे दुडकी, पुन्हा खुर्चीसमोर ठप्प.

"इथंच का अडतो हा?" वडील काठीनं जमीन टोकरत म्हणाले. "उद्या माणसं इथंच उभी राहणार आहेत."

का अडतो ते तिला कळलं होतं. तिनं लगाम हातात नीट घेतला.

पुढच्या फेरीत खुर्ची जवळ आली तेव्हा तिनं आवाज खाली नेला नाही.

"पहाटे उठून लीद कोण काढतं तुझी? पोट धरलं तेव्हा कोण फिरवत होतं तुला? धाकटा? तो आला की दारात नाकाला रुमाल लावून उभा राहतो. आणि मालक कोण, तर तो. मला कळतं कुठून, तर नालबंदाच्या तोंडून."

मान कमानीसारखी वळवून वकील खुर्चीसमोरून झोकात निघून गेला. लेकी बोले सुने लागे, तसं घोड्याला बोललेलं बापाला लागायचं होतं, आणि लागलं. काठीचं टोकरणं थांबलं.

ती वळून पुन्हा जवळ आली तेव्हा वडिलांनी विचारलं, "कोणाला बोलतेयस?"

"घोड्याला."

"घोड्याला धाकटा भाऊ आहे?"

"असता तर याचा चाराही त्यालाच गेला असता."

"त्याची नोकरी गेलीय," वडिलांचा आवाज चढला. ती पुढे गेली होती, त्यामुळे त्यांना ओरडावंच लागलं. "बायकापोरं आहेत त्याला. बापानं काही द्यायचं नाही?"

"द्या ना. घर द्या. घोडे कशाला? घोडा कुठल्या बाजूनं चावतो हेसुद्धा माहीत नाही त्याला."

"शिकेल."

"कोणाकडून? लहानपणी तुम्ही त्याच्या हातात चाबूक दिलात, तो रडत घरात पळाला. खाली पडलेला मी उचलला."

"तुला उचलायला कोणी सांगितलं होतं?"

"कोणीच नाही. मला कधी काही सांगितलंत तुम्ही? टाच खाली, कोपर आत, यापलीकडे?"

"ते सांगितलं म्हणून बसता येतंय ना आज?"

"बसता येतंय. बसायला जागा ठेवली नाहीत एवढंच."

वकील आता दौडत होता. मैदानाच्या या टोकाला बापाचा आवाज, त्या टोकाला मुलीचा, दोन्हीकडून त्याला हवं ते भरपूर मिळत होतं. त्याची चाल सुतासारखी सरळ झाली. तिचे हात खाली, स्थिर, वळणावर पाठ जराही डुलत नव्हती. असा घोडा आणि अशी बैठक बघायला माणसं लांबून आली असती. पण बघणारा एकच होता, आणि तो भांडत होता.

"नावापुरता मालक तो," वडील ओरडले. "कागदावर. काम काय, तू आहेसच की."



"मी आहेच," ती म्हणाली, "हे कोणी ठरवलं?"

ती ओरडली नाही, पण ऐकू गेलं. वकील आणखी चार पावलं चालला, मग कोणीच काही बोलत नाही हे ताडून उभा राहिला.

ती उतरली. खोगिराचा तंग सैल केला, लगाम त्याच्या डोक्यावरून काढून पुढे घेतला आणि घोडा कुंपणापर्यंत आणला. वडील उभे होते. खुर्ची मागे राहिली होती, काठी जमिनीवर पडली होती. भांडणाच्या भरात आपण कधी उठलो हे त्यांनाही आत्ताच कळत असावं. तिनं लगाम त्यांच्या हातात दिला. हातानं तो सवयीनं घेतला.

"उद्या गिऱ्हाईक येईल," ती म्हणाली. "चालवून दाखवा."

"मी? या पायानं?"

"मालकाला सांगा मग."

वकिलानं वडिलांच्या खांद्यावर कपाळ घासलं. त्यांचा तोल गेला, त्यांनी कुंपणाचा बांबू धरला. ती मदतीला पुढे झाली नाही. त्यांनी एकदा काठीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. वाकणं त्यांना जमणार नव्हतं.

"उद्या बसशील ना तू याच्यावर?"

"विचारताय का सांगताय?"

तिनं हातमोजे काढले, एकात एक घातले.

"विचारतोय," ते म्हणाले.

"मग उद्या सांगते," ती म्हणाली, आणि फाटक ओढून घेऊन बाहेर पडली.