रोसब्युलवर झाकोळ

"आली का गं गोगलगाय? चला तर मग, झाला आमचा आराम."

हा आवाज वरून यायचा. माथ्यावरून, उन्हातून, हसण्याच्या लाटेवर बसून यायचा. सेलिनाचा आवाज. तेव्हा इडा बारा-तेरा वर्षांची असेल. वेण्या घामानं मानेला चिकटलेल्या, मोज्यांत गवताची कुसळं, छातीत भाता. रविवारची प्रार्थना आटोपली की गावातल्या मुली रोसब्युलच्या माथ्यावर निघायच्या. सगळ्यांच्या पुढे सेलिना, सगळ्यांच्या मागे सेलिनाची धाकटी बहीण. माथ्यावर एक बाक होता आणि त्या बाकावरून सगळे डोंगर दिसायचे म्हणे. इडा पोचायची तेव्हा मुली पाय लांब करून, तोंडं वाऱ्याला देऊन निवांत बसलेल्या असायच्या. तिचं पाऊल माथ्यावर पडलं की सेलिना घागरा झटकून उठायची, आणि तिच्या मागोमाग बाकीच्या. इडानं बसायचं म्हटलं तर एकटीनं बसायचं, आणि एकटी मागे राहिली तर घरी आईची बोलणी खायची. मग ती तशीच पाठी वळायची. चढताना नजर पायांखाली, उतरताना नजर दुसऱ्यांच्या टाचांवर. डोंगरात वाढलेली पोर, पण डोंगर तिनं कधी बसून बघितला नाही.

घरात ती मंद ठरली, मग शाळेत ठरली, मग कापडगिरणीत. कुणी मुद्दाम ठरवलं नाही, सेलिनानं एकदा म्हटलं आणि ते गावभर झालं. इडानंही ते अंगाला लावून घेतलं. गिरणीत नव्या मागावर जाण्याची वेळ आली तेव्हा तिनं स्वतःच मान हलवली, दुसरीला द्या म्हणाली. चीजच्या गाडीवरचा योस्ट तिला खिंडीपलीकडे आपल्या आईला भेटायला घेऊन जाणार होता, चालत, दिवसभराची वाट. तिनं नको सांगितलं. मी वाटेतच राहीन, तुमचा खोळंबा होईल. योस्टनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

आता दोघींनी सत्तरी ओलांडली होती आणि सेलिनाला दिसत नव्हतं. काचबिंदूनं आधी कडा खाल्ल्या, मग मधलं खाल्लं. नवरा कधीच गेलेला, मुलगा रेमिगी लांब बाझेल शहरात. म्हणून इडा वरच्या मजल्यावरची आपली खोली सोडून खाली बहिणीपाशी राहायला आली. तिचे बटाटे सोलायचे, तिचे पायमोजे जोडीनं लावायचे, तिच्या शिव्या खायच्या. दर आठवड्याला टपालाच्या पिवळ्या बसनं वाडीपर्यंत जायचं आणि तिथून सेलिनाला चालवत रोसब्युलवर न्यायचं. इडा पुढे, सेलिना मागे, इडाच्या सॅकचा पट्टा मुठीत धरून.

आंधळी झाल्यावर सेलिना पहिल्यांदा वर आली तो दिवस वसंतातला होता. बाकावर टेकली, हनुवटी वर केली आणि म्हणाली, "हं, सांग." जणू दुकानात सामान मागत होती. इडानं समोर पाहिलं. हवा अशी की डोंगराची घडी न् घडी मोजून घ्यावी. आणि तिच्या तोंडून निघालं, "झाकोळलंय. काही दिसत नाही."

तो शब्द जिभेवर विरघळला तेव्हा तो इतका गोड असेल असं तिला वाटलं नव्हतं. सेलिनाची हनुवटी हळूहळू खाली आली. इडा तिच्या शेजारी पाय लांब करून बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा डोंगरांकडे निवांत बघत राहिली, एकटीच, सगळे आपलेच असल्यासारखी.

मग दर खेपेला झाकोळ. ऊन अंगाला लागायचं, ते लपवता यायचं नाही. म्हणून ती म्हणायची की ऊन आहे पण लांब धुरकट आहे, वाळवंटाची धूळ आलीय म्हणतात, गवत जाळलंय कुणीतरी. माणसं नसतील अशी वेळ ती निवडायची. तरी कधी कुणी असायचंच. बाकापाशी शिखरांची नावं कोरलेला पितळी तक्ता होता. लोक नावं घेऊ लागले की इडा बहिणीच्या कानात सांगायची, तक्ता वाचतायत, बिचाऱ्यांना दिसत कुठंय.  सेलिना फक्त दर आठवड्याला विचारायची, या वेळी उघडेल का गं, आणि इडा म्हणायची, बघू या.

शरद सरत आला तेव्हा रेमिगीचा फोन आला. आईला बाझेलला घेऊन जायचं ठरलं, नोव्हेंबरातल्या मार्टिनच्या सणाच्या आत. तिथं लिफ्ट होती, नर्स होती, समोर ट्रामचं वळण होतं. सेलिनानं फोन ठेवला आणि बराच वेळ टेबलावरचा पावाचा चुरा बोटानं गोळा करत बसली. मग म्हणाली की एकदा शेवटचं वर जायचं. बाझेलला सगळं सपाट आहे. एकदा कुणी नीट सांगितलं तर ते मी बरोबर घेऊन जाईन, मग काही मागणार नाही. सेलिनाच्या तोंडून 'मागणं' हा शब्द इडानं प्रथमच ऐकला. तिनं भांडी जरा जोरात घासली.

त्या दिवशी गावावर राखाडी धुकं बसलं होतं, आठवडाभराचं, ओल्या गोधडीसारखं. बस वाडीला पोचायच्या जरा आधी धुक्यातून वर निघाली आणि खिडक्यांतून ऊन आत सांडलं. उतरताना ड्रायव्हर सेलिनाचा हात धरून म्हणाला, आज तर वर सोनं आहे बघा. इडानं बहिणीला जरा घाईनंच पुढे ओढलं.

सेलिना वाटेत गप्प बसणारी नव्हती. पट्टा धरून मागून ती बोलतच होती. तुझ्या पायांचा आवाज म्हणजे ओली पोती ओढल्यासारखा. योस्टनं तुला नेलं असतं तर बिचारा अजून खिंडीतच असता. इडा ऐकत होती, चालत होती. मध्येच पट्टा ताणला गेला की तिला वाटायचं, आंधळ्या बाईला दगड लागला असेल.

समोरून एक तरुण जोडपं उतरत आलं. गालांवर ऊन, तोंडात अजून सॉसेजचा घास. नमस्कार करून मुलगी म्हणाली, "लवकर जा आजी, आज पार पिलाटुसच्या शिखरापर्यंत उघडलंय. असं वर्षात एखाद्याच दिवशी दिसतं."

सेलिनाची मूठ पट्ट्यावर आवळली.  जोडप्याची पावलं खाली विरली तेव्हा इडा म्हणाली, आपण पोचेपर्यंत परत भरून येईल, तुला माहीत आहे इथली हवा. सेलिना म्हणाली, हो, माहीत आहे.

पुढे फाटा होता. पिवळी पाटी माथ्याकडे डावीकडे बोट दाखवत होती. उजवीकडे लाकडं ओढायचा गाडीरस्ता रानात शिरत होता. इडा उजवीकडे वळली. का वळली हे तिला कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं की आज वर माणसं असतील, मोठ्यानं बोलणारी, आज तो एक शब्द पुरणार नाही. आणि तो शब्द सोडून तिच्याकडे स्वतःचं असं होतं तरी काय.

रानाच्या कडेला रचलेल्या ओंडक्यांपाशी एक बसकं बाकडं होतं, लाकूडतोड्यांनी ठोकलेलं. समोर झाडांची काळी भिंत. इडानं बहिणीला त्यावर बसवलं आणि म्हणाली, "पोचलो. काही नाही गं. झाकोळलंय."

सेलिनानं हात मागे नेला. पाठ टेकायला काही नव्हतं. तिनं नाकानं हवा ओढली. ओली साल, डिंक, कुजलेला पाला. मग ती हसली, अगदी बारीक.

"माथ्यावर ओंडके कोण रचून ठेवतं, इडा?"

इडानं सॅक खांद्यावर वर सरकवली.

"आंधळी झालेय, बहिरी नाही. सगळा उन्हाळा ऐकत होते. एक पोरगी बापाला कूरफिर्स्टनचे सातही सुळके मोजून दाखवत होती. मधल्याच्या टोपीवर ताजा बर्फ पडलाय म्हणत होती. तू म्हणालीस, तक्ता वाचतेय. पितळेवर बर्फ पडतो का गं?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर पुढच्या आठवड्यात आणलं असतंस?"

 इडानं पाठ फिरवली आणि ती चालू लागली, आल्या वाटेनं, एकटीच. पाऊल, पाऊल, अजून एक पाऊल. मागून हाक येईल असं तिला वाटत होतं. हाक आली नाही. वळून बघितलं तर सेलिना गुडघ्यांवर हात ठेवून, मान ताठ करून बसलेली, चेहरा चुकीच्या दिशेला, एका झाडाच्या बुंध्याकडे वळलेला. मांडीवरची बोटं मात्र एकमेकांत गुंतून पांढरी पडली होती. इडा तिथंच थांबली आणि किती वेळ तरी ती बोटं बघत राहिली. बरं वाटत होतं. मग हळूहळू बरं वाटेनासं झालं. ती परत गेली आणि पट्टा बहिणीच्या हातात दिला.

फाट्यावरून डावीकडे, मोठ्या बीच झाडाच्या वळणावरून शेवटचा उभा चढ. तिथं इडानं पावलं उचलली. मुद्दामच उचलली. पट्टा ताणला, मागे सेलिनाचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला, एकदा ती गुडघ्यावर आली, तळहात सोलवटला. तिनं आई गं म्हटलं नाही. फक्त एकदा म्हणाली, हळू. इडानं ऐकलं, आणि तशीच चालत राहिली.

माथ्यावर बाक रिकामा होता. माणसं पलीकडच्या कुरणात उन्हाला पडली होती. इडा आधी बसली. सेलिना पट्ट्याच्या टोकाशी उभी, धापा टाकत, बाक कुठं आहे ते न कळून. असं इडानं तिला ठेवलं, अंमळ. मग सरकली आणि हात धरून तिला शेजारी बसवलं.

आणि सांगायला लागली.

"खाली धुकं आहे. आपलं गाव त्याच्या तळाशी. दूध उतू जाऊन थांबावं तसं पांढरं, हलत नाही. त्यातून टेकड्यांची डोकी वर आलीत, काळी, पोहणाऱ्या माणसांसारखी. डाव्या हाताला सेंटिस. तोंडावर ऊन, मानेवर सावली. मग तुझे सातजण, कूरफिर्स्टन, ओळीनं, शाळेतल्या पोरांसारखे, आणि शेवटचा जरा ओळ मोडून उभा. सातांनाही टोप्या आहेत आज. मग श्पेअर, जवळ, तपकिरी, त्याच्यावरच्या गायवाटासुद्धा दिसतायत. त्याच्या मागे ग्लेर्निश, हा थोरला पांढरा दगड. आणि उजवीकडे, अगदी टोकाला, निळ्यावर निळा पिलाटुस. तो आहे का नाही असं वाटतं, पण आहे."

सेलिनाचा सोलवटलेला हात हवेत वर आला आणि त्या नावांमागून डावीकडून उजवीकडे फिरत गेला, भिंतीवरून दिव्याचं बटण चाचपावं तसा. श्पेअरपाशी तिनं परत सांग म्हटलं. इडानं परत सांगितलं. गायवाटा कशा दिसतात, तिनं विचारलं. शिवणीसारख्या, इडा म्हणाली. सेलिनानं मान हलवली आणि तो शब्द पुटपुटून घेतला, बरोबर न्यायचा म्हणून.

सांगून संपलं. इडानं थर्मासमधला चहा ओतला, बदामाची मऊ बिस्किटं काढली, एक बहिणीच्या तळहातावर ठेवलं. तळहाताला लागलेली माती तिनं आपल्या रुमालानं पुसली. तिला हलकं वाटत होतं. झालं गेलं वितळून धुक्याच्या तळाशी गेल्यासारखं. आणि त्या हलकेपणातच ती बोलून गेली.

"मी दुष्टपणा केला, सेलिना. पण तूही मला कमी सोसलं नाहीस. माझे पाय असे. तुम्ही इथं बसून बसून कंटाळायच्यात. एवढी वर्षं तू इथं माझी वाट बघितलीस."

सेलिनानं बिस्किटाचा तुकडा चावला. सावकाश गिळला. तिचा चेहरा डोंगरांकडे होता, बरोबर डोंगरांकडे, आता तिला ते कुठं आहेत हे माहीत होतं.

"मी कधी वाट बघितली नाही," ती म्हणाली. "त्या बीचच्या वळणापर्यंत तू आमच्या पाठीलाच असायचीस. तुझा श्वास ऐकू यायचा मला. वळण ओलांडलं, तू दिसेनाशी झालीस, की मी हात करायचे आणि आम्ही सगळ्या धावत सुटायचो, जीव खाऊन. इथं येऊन बाकावर पडायचो. तोंडं पुसायचो, पाय लांब करायचो, बराच वेळ झाल्यासारखं दाखवायचो. तू आलीस की उठायचो. तुझं तोंड बघून उतारभर हसू आवरायचं नाही."

तिनं चहाचा पेला दोन्ही हातांत धरला.

"तू मंद नव्हतीस, इडा. आम्ही पळायचो."