पायल म्हणे, चालते

अरे ऐका तं, आपली पायल! बडनेऱ्याची. नर्सिंग करून अकोल्याच्या एका दवाखान्यात ड्रेसिंगरूमले लागली, रोज गाडीनं येणंजाणं, अन् नोकरी लागली तशी पोट्टी जमिनीवर चालेच ना. कोणाले जराक खरचटलं का हिची पर्स उघडलीच समजा.

तिची शाळेतली मैत्रीण प्राजक्ता, नुकतंच लग्न होऊन जुन्या शहरात नांदाले आलती. एक दिवस ड्युटी सुटल्यावर पायल तिच्या घरी गेली, पहिल्यांदाच. प्राजक्तानं हौसेनं आलूबोंडे तळाले घेतले. दोन्ही हातात हिरवा चुडा खळखळ करून राहिला, तोंड पायलकडं, गप्पा काही सरत नाहीत, अन् बोंडा सोडला कढईत धपकन! तेल उडालं थेट मनगटावर.

"माय वं!"

सासू मैनाबाई टूथपेस्ट घेऊन धावली. पायलनं ट्यूब हिसकलीच. "काकू, थे दाताची हाय, हाताची नाही!" प्राजक्ताचा हात नळाखाली धरला अन् धरूनच ठेवला. "बर्फ नाही, हळद नाही, तूप नाही. नुसतं पाणी. अन् फोड आला तं फोडाचा नाही!" अशी भराभरा बोले, जशी तोंडी परीक्षाच चालू हाय. प्राजक्ताचा नवरा किशोर दारातून पाहूनच राहिला. मैनाबाई म्हणे, "डॉक्टरीनच हाय व हे तं!" झालं. पायल फुगली.

आता खरी गोष्ट इथं हाय. भाजल्यावर हात सुजते. म्हणून सुजाच्या आधी अंगठ्या, बांगड्या काढून घ्याच्या, हे पायलले तोंडपाठ. ती म्हणालीबी, "प्राजू, या हातातल्या बांगड्या काढ पह्यले."

मैनाबाईचा चेहरा उतरला. "लग्नाचा चुडा हाय, पोरी. असा काढत नसतात. तुमच्यात नसन मानत, आमच्यात मानतात."

रागानं नाही बोलली बाई, साधंच बोलली. पण थे 'तुमच्यात' पायलले लागलं. आतापर्यंत डॉक्टरीन होती, एका शब्दात बौद्धाची पोट्टी झाली. तिले वाटलं, आता हट्ट धरला तं जनमभर या घरात हेच निघन, का नव्या नवरीचा चुडा उतरवणारी थेच ती. हसली अन् म्हणे, "राहू द्या काकू. चालते."

चालते म्हणाली, अन् मस्त चहाबी पेली.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगरूमचा पडदा सरकला तं समोर प्राजक्ता, मांगं मैनाबाई अन् किशोर. मनगट सुजून पावासारखं झालतं. बांगड्या रुतल्या होत्या अन् त्याच्या खालचा फोड घासून घासून फुटलता.

तिथली मोठी म्हणजे आरती सिस्टर, तोंडाची फटकळ. हात उलटापालटा करून म्हणे, "पाणी सोडलं थे चांगलं केलं. कोणाची अक्कल?"

किशोर खुशीत म्हणे, "या पायल मॅडमची!"

"अन् बांगड्या कोणत्या भैताडानं ठेवल्या?"

मैनाबाई पुढं झाली. "मीच, बाई. अडाणी हाव मी."

पायल ट्रेमधला कापूस उगाच इकडचा तिकडं करून राहिली. सुटली होती ना बे ती! आयतीच सुटली होती.

तं प्राजक्ताच बोलली. "आईले काही म्हणू नका, सिस्टर. रात्री ठणकाले लागलं तं ह्याच साबण घेऊन आल्या. म्हणे काढ बाई, जीवापेक्षा चुडा मोठा नाही. मीच नाही म्हटलं. म्हटलं, पायल चालते म्हणे. शिकलेली हाय ती, तिले नाही कळन काय?"

पायलचे कान असे तापले, जसं तेल तिच्यावरच उडालं.

"सिस्टर," ट्रे बाजूले सारून ती म्हणे, "मले माहीत होतं. बांगड्या काढा लागतात, मले माहीत होतं. काकूले वाईट वाटन म्हणून मी..." थांबली. "नाही. काकू मले वाईट म्हणतीन म्हणून."

प्राजक्ता पाहतच राहिली. "तुले माहीत होतं?"

आरती सिस्टर रागावलीच नाही, थेच लय वाईट. कपाटातून पक्कड काढून पायलच्या हातात देल्ली. "काढ मंग तूच."

पायलनं बांगडीखाली ओल्या गॉजची पट्टी हळूच सरकवली. पक्कड बांगडीले लावली. "फोडतो हं प्राजू, जराक दुखन."

"फोडतो म्हणू नोको व, पोरी," मैनाबाई भिंतीकडं तोंड करून म्हणे. "वाढवतो म्हण."

"वाढवतो, काकू."

कट्कन पह्यली गेली. मंग हरेक बांगडीले म्हणे, वाढवतो, वाढवतो, मान खाली घालूनच. मैनाबाईनं वळून नाही पाह्यलं. प्राजक्तानं हात नाही ओढला, पण एरवी जशी पायलच्या खांद्यावर रेलते, तशी रेललीबी नाही.

पट्टी झाली. प्राजक्ता उठली, दुसरा हात पुढं केला. थ्या हातातला चुडा तसाच होता, हिरवागार.

"ह्या चालतीन काय? खरं सांगजो."

"चालतीन," पायल म्हणे. थोच शब्द पुन्हा तोंडातून निघाला, अन् पोट्टीची वर आलेली मान पुन्हा खाली गेली.