मंगळवारचा नकार, बुधवारचा पुरावा

फ्रू न्डिफोर कार्डिफमध्ये सहा वर्षं राहत होता आणि ती सहाही वर्षं त्याला परत कॅमेरूनला धाडायला ब्रिटनचं गृहखातं मनापासून झटत होतं. आता तर शुक्रवारचं विमानही ठरलं होतं. गावी बमेंडात सैनिक आपल्या जिवावर उठलेत, हे त्याने आश्रय मागताना तीनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा खातं म्हणालं, पुरावा नाही. मग त्याने जळक्या घराचा फोटो दिला. घर जळालंय खरं, खातं म्हणालं, पण ते तुमचंच कशावरून? मग शेजाऱ्यांची पत्रं दिली. शेजारी काय, तुमच्याच बाजूने बोलणार!

तेवढ्यात सैनिक त्याला शोधत पुन्हा गावात आले. फ्रू सापडला नाही म्हणून धाकट्या भावाला घेऊन गेले. भावाच्या मृत्यूचा दाखला फ्रूने बुधवारी खात्याच्या खिडकीवर दिला, पोच घेतली. सोमवारी उत्तर हातात पडलं: दाखला काळजीपूर्वक वाचला, त्यात नवीन काही आढळलं नाही.

वकीलबाई ब्रॉनवेन प्यू पत्र वाचता वाचता हसू लागल्या.

"बाई, माझा भाऊ गेलाय."

"माफ करा, मिस्टर न्डिफोर. पण पत्रावरची तारीख बघा. मंगळवार!"

"म्हणजे आपण द्यायच्या आधीच वाचला?" मा बीह म्हणाली. फ्रू तिच्याच घरी राहायचा. "आमच्याकडच्या मांत्रिकालासुद्धा आधी कोंबडी दाखवावी लागते!"

"मग कोर्टात गेलो तर जजसाहेब मला राहू देतील?" फ्रूने विचारलं.

"तुम्ही जगाल की मराल, हे ते बघत नाहीत. खात्याने नकार नीट दिला का, एवढंच बघतात."

"नीट दिला नसेल तर?"

"तर पुन्हा नीट विचार करा म्हणून सांगतात."

गुरुवारी कोर्टात खात्याचे वकील म्हणाले, "माय लेडी, अनुभवी अधिकाऱ्याला अशा अर्जात काय असणार याचा अंदाज असतो."

"अंदाज उत्तम आहे," जजबाई म्हणाल्या. "पण आधी वाचायचं आणि मग नाकारायचं, असा क्रम आहे."

नकार रद्द झाला. शुक्रवारचं विमान फ्रूला न घेता उडालं. मा बीहने फुफू, म्हणजे मक्याची घट्ट उकड, आणि पालेभाजी रांधली, सगळ्या गल्लीला हाका मारल्या. फ्रूचा घास मात्र हातातच राहिला.

"बाई, आता कोण ठरवणार?"

"खातं."

"तेच साहेब?"

"तेच. माणसं कमी आहेत त्यांच्याकडे."

दोन महिन्यांनी पत्र आलं. चांगलं चार पानी, तारीखही बिनचूक. दाखला अक्षर न् अक्षर वाचलेला दिसत होता. सुरुवातीला दुःखात सहभागी असल्याचंही लिहिलं होतं. खाली म्हटलं होतं: 'आपल्याऐवजी आपल्या बंधूंना ठार करण्यात आल्याने संबंधितांचं समाधान झालं असावं. सबब आपण परतण्यास हरकत दिसत नाही.'

फ्रूने ते वाक्य दोनदा वाचलं आणि पत्र टेबलावर पालथं ठेवलं. 

प्यूबाईंनी ते उलटून घेतलं, वाचलं आणि त्या ताठ बसल्या. "शेवटी कारण दिलं एकदाचं! असलं कारण कुठल्याही शहाण्या माणसाला सुचणार नाही, असं कोर्टात म्हणता येईल. निकाल लागेपर्यंत विमान नाही."

"किती दिवस?"

"उन्हाळ्यापर्यंत तरी."

"कर अर्जावर सही," मा बीह म्हणाली. "उन्हाळ्यात निदान ऊन तरी पडेल."

"कार्डिफमध्ये?" प्यूबाईंनी पेन पुढे केलं. "त्याची हमी मी देत नाही."