पित्त माशांचं नव्हतं

माझा नवरा मितेश डहाणूच्या किनाऱ्यावर वडिलांच्या होडीवरच लहानाचा मोठा झाला. दोन वर्षांपूर्वी थंडीत त्याच्या हातांवर पित्त उठायला लागलं. मासळीवर बर्फ टाकून घरी आला की बोटं सुजलेली, मनगटापर्यंत लाल गांधी आणि नुसती खाज. शेजारच्या विठाबाई म्हणाल्या, "कोलंबीचं पित्त आहे. मासे बंद कर."

त्याने मासे सोडले. त्याच्यासमोर मला घास गिळेना, म्हणून मीही सोडले. उन्हाळ्यात खाज थांबली. आम्हाला वाटलं, गुण आला.

पुढच्या पौषात सकाळी जाळं ओढताना तो पाण्यात पडला. माशासारखा पोहणारा माणूस, म्हणून त्याच्यासोबतचे नारूकाका आधी हसलेच. पण मितेशने दोन-चार हात मारले आणि मान टाकली. साठीचे नारूकाका कपड्यांसकट उडी मारून त्याला वर घेऊन आले. त्याच्या अंगभर गांधी, ओठ सुजलेले, श्वासाला शिट्टी. काकांनी स्वतःचं कोरडं घोंगडं त्याला गुंडाळलं, जाळ्याचा दोर कापून जाळं समुद्रात सोडलं आणि होडी वळवली.

दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर त्याने डोळे उघडले. तोवर मी कितीदा देवाचं नाव घेतलं, मलाच ठाऊक नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"चहा-भाकरी," मी सांगितलं. "मासे तर वर्षभर नाहीत."

"मग हात कधी सुजतात?"

"बर्फात घातले की."

त्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, मग थोडे दिवस गोळ्या बंद ठेवून परत बोलावलं आणि पिशवीत बांधलेला बर्फाचा खडा त्याच्या हातावर ठेवला. खडा काढल्यावर थोड्या वेळाने तिथे बताशाएवढी गांध वर आली.

"ही थंडीची अ‍ॅलर्जी," त्या म्हणाल्या. "गार पाण्यात एकदम पडलं की रक्तदाब उतरतो, पट्टीचा पोहणाराही बुडतो. यापुढे बर्फ नाही, समुद्रात पोहणं नाही."

मितेशने हळूच विचारलं, "आणि मासे?"

"खा की! फक्त गरम गरम."

मी तिथेच हसता हसता रडले.

आता तो किनाऱ्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. त्या हिवाळ्यात उन्हात बसून त्याने नारूकाकांसाठी नवं जाळं विणलं. न्यायला बोलावलं तर काका रागावले, "तू पडलास, मी काढला. त्याचं काय एवढं?"

"काका, घ्या," मी म्हटलं, "नाहीतर मी रोज तुमच्या दारात येऊन बसेन."

काकांनी जाळं खांद्यावर टाकलं. जाताना त्यांनी मितेशच्या पाठीवर थोपटलं.